घास हातात, लक्ष कुठे?

“जेवताना हट्ट करते,” असे आईबद्दल मीही म्हणत असे. पण स्मृतिभ्रंश बळावला की समोर जेवण वाढले आहे हेच उमगेनासे होते. तो हट्ट नव्हे!

आम्ही टीव्ही बंद केला. एका वेळी एकच पदार्थ वाढू लागलो. पांढरा भात लाल ताटलीत दिला. ठळक रंगाच्या भांड्यांत असे रुग्ण अधिक जेवतात, असे बोस्टन विद्यापीठाच्या २००४ सालच्या छोट्या अभ्यासात आढळले होते. समोर बसून मी घास घेई. ते पाहून आईही घेई.

रुग्णाला ताठ बसवावे, घास गिळल्यावरच दुसरा द्यावा. वारंवार ठसका लागल्यास डॉक्टरांना दाखवावे.

वाचकहो, हा अर्धा तास एकट्या सुनेचा नव्हे. मुलांनीही पाळीपाळीने समोर बसावे.