फौज आपलीच, पण लगाम कुणाचा?

'जाम स्ट्रेस आहे यार!' हे वाक्य तुमच्या ऑफिसात दिवसातून किती वेळा ऐकू येतं? डेडलाइन, अप्रेजल, ट्रॅफिक... आणि सगळ्याचं खापर फुटतं ते 'कॉर्टिसोल' या स्ट्रेस हॉर्मोनवर. पण मंडळी, हाच व्हिलन सेप्सिसमध्ये चक्क आपल्या बाजूने लढतो!

जंतुसंसर्ग झाला की प्रतिकारशक्ती लढायला उतरते. सेप्सिसमध्ये ही लढाई हाताबाहेर जाते आणि आपलेच अवयव जायबंदी होतात. पांढऱ्या पेशी 'सायटोकाइन' नावाची रसायनं सोडतात. तो निरोप मेंदूला पोचतो, मेंदू पिट्युटरीला कळवतो आणि पिट्युटरी मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रीनल ग्रंथींना कामाला लावते. त्यातून आलेलं कॉर्टिसोल सायटोकाइनना आवरतं आणि रक्तवाहिन्यांना ॲड्रीनलिनचं ऐकायला लावतं, म्हणजे बीपी टिकतं.

गंभीर सेप्सिसमध्ये हा लगाम तोकडा पडू शकतो. सलाइन आणि बीपी वाढवणारी औषधं देऊनही शॉक हटला नाही, तर आयसीयूत हायड्रोकॉर्टिझोन देतात, साधारण दिवसाला २०० मिलिग्रॅम. २०१८ च्या 'ॲड्रीनल' या मोठ्या चाचणीत त्याने शॉक लवकर ओसरला, पण मृत्यू कमी झाले नाहीत. त्याच वर्षीच्या एका फ्रेंच चाचणीत फ्लुड्रोकॉर्टिझोनची जोड दिल्यावर मृत्यूही घटले. थोडक्यात, स्टेरॉइड हा मदतनीस. खरी मदार वेळेवर मिळालेल्या अँटिबायोटिकवर!

वेळेची किंमत कळायला लांब जायला नको. चिमूर तालुक्यातल्या कोलारा गेटमधून ताडोबात वाघ बघायला जाता ना? त्याच जंगलपट्ट्यात, शेजारच्या गडचिरोलीत, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच आरोग्यदूतांना नवजात बाळातला सेप्सिस ओळखायला आणि घरीच अँटिबायोटिक द्यायला शिकवलं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्याचे आकडे आले : सेप्सिस झालेल्या बाळांमधलं मृत्यूचं प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर! ना आयसीयू, ना एसी वॉर्ड.

आता तुमच्यासाठी दोन गोष्टी. संसर्गासोबत धाप, बरळणं, लघवी कमी होणं, हातपाय गार पडणं यातलं काही दिसलं, तर 'सकाळी बघू' म्हणू नका, थेट हॉस्पिटल गाठा. आणि सांधे दुखतात, अंग खाजतं म्हणून मेडिकलमधून परस्पर आणलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या महिनोन् महिने खाऊ नका. बाहेरून आयतं मिळालं की ॲड्रीनल ग्रंथी आळसावतात आणि ऐन सेप्सिसच्या वेळी हात वर करतात. आधीपासून घेत असाल, तर त्या मनानेच एकदम बंदही करू नका, डॉक्टरांना सांगा.

बाकी, सोमवार सकाळच्या मीटिंगमधलं कॉर्टिसोल? त्याला आता थोडं तरी माफ करा!