निवळी कोणाच्या मालकीची?

शेंदूरजनाघाटच्या संत्राबागाईतदाराला पाण्याचे मोल शिकवावे लागत नाही. भूजलाचा अतिउपसा झालेला तालुका म्हणून वरूडची नोंद सरकारदप्तरी आहे. याच मुलखाला जोडधंदा म्हणून दूध सुचविले जाते. 2016 साली सुरू झालेल्या विदर्भ-मराठवाडा दुग्धविकास प्रकल्पात अमरावती जिल्हा आहे. तेव्हा दुधाच्या भावाबरोबर दुग्धालयाच्या सांडपाण्याचाही हिशेब आताच मागितला पाहिजे.

एक किलो चीज तयार झाले की सुमारे नऊ लिटर निवळी उरते. दुधातील जवळजवळ निम्मे घनपदार्थ, एक पंचमांश प्रथिने आणि बहुतेक सारी दुग्धशर्करा तिच्यात असते. ती नाल्यात सोडली तर पाण्यातील प्राणवायू संपतो. तिची जैविक प्राणवायू-मागणी लिटरला 30,000 मिलिग्रॅमच्या वर जाते. दुग्धालयाच्या सांडपाण्याला नियमाने घातलेली मर्यादा आहे 100! परंतु हीच निवळी मेम्ब्रेनच्या सूक्ष्म छिद्रांतून दाबाने गाळली, की आधी प्रथिने अडतात, त्याहून बारीक मेम्ब्रेनवर शर्करा अडते आणि शेवटी पुन्हा वापरता येईल असे पाणी हाती येते. ओढ्यातले विष ते कारखान्यातले धन.

'हे तंत्र सहकाराला परवडणार नाही,' असे सांगणाऱ्यांनी मंचरकडे पाहावे. तेथील पराग मिल्क फूड्सने निवळीतील प्रथिनांची भुकटी 'अवतार' या नावाने बाजारात आणली. खाजगी भांडवलाला जे परवडते, ते उत्पादकांच्या संघाला का परवडू नये?

अडचणी खऱ्या आहेत. मेम्ब्रेन चोंदतात, वीज खातात, कुशल हात मागतात. पनीरच्या निवळीत प्रथिने थोडीच उरतात, कारण दूध तापविताना ती पनीरातच बसतात. गावच्या छोट्या पनीरवाल्याला हे यंत्र पेलणार नाही. पण यातून निघणारा निष्कर्ष माघारीचा नाही, एकत्र येण्याचा आहे: निवळी गोळा करणारे जिल्ह्याचे एक सामाईक केंद्र हवे.

खरा प्रश्न मालकीचा आहे. शेतकऱ्याला भाव मिळतो तो फॅट आणि एसएनएफवर. त्याच घनपदार्थांतून पुढे भुकटी झाली, तर तिच्या नफ्यात त्याचा वाटा शून्य. नाला नासला, तर तो मात्र त्याच्या शिवाराचा! म्हणून कार्यकर्त्यांनी प्रत्येक दूधसंकलन केंद्रावर मागणी मांडावी: सरकारी पैशाने उभे राहणारे केंद्र उत्पादकांच्या मालकीचे असावे, निवळीचे उत्पन्न भावफरकात यावे, आणि प्रक्रिया न करता एक थेंबही ओढ्यात जाता कामा नये. दूध ज्याचे, निवळीही त्याचीच.