टक्के नेमके कशाचे?
हॉटेलांच्या ‘हाउसफुल्ल’ आकड्यांमागील हिशेब

गोव्यातील हॉटेले भरली आहेत की रिकामी पडली आहेत, या प्रश्नावरून अलीकडच्या हंगामांत जेवढा वाद झाला, तेवढा क्वचितच एखाद्या पर्यटनस्थळाविषयी झाला असेल. नोव्हेंबर २०२४ मध्ये एका उद्योजकाने पर्यटकांनी गोव्याकडे पाठ फिरवल्याचा दावा समाजमाध्यमावर केला. त्याने दिलेली आकडेवारी चुकीची असल्याचे सांगून राज्याच्या पर्यटन खात्याने थेट पोलिसांत तक्रार नोंदवली. त्यानंतरच्या नाताळात एका बाजूने ओस पडलेल्या किनाऱ्यांच्या चित्रफिती आणि दुसऱ्या बाजूने हॉटेले तुडुंब भरल्याची निवेदने, असा सामना रंगला. फेब्रुवारी २०२५ मध्ये तर कळंगुटचे आमदार मायकल लोबो यांनी किनाऱ्यावरील शॅकमध्ये इडली-सांबार आणि वडापाव विकला जात असल्यामुळे परदेशी पाहुणे दुरावल्याचे निदान केले आणि वादाला वेगळीच फोडणी मिळाली.

या गदारोळात ‘हॉटेले ९० टक्के भरली’ यासारखी विधाने पुन:पुन्हा कानी पडली. पण हे टक्के नेमके कशाचे, ते कोणी आणि कसे काढले, याची चौकशी फारशी झाली नाही. वस्तुत: खोल्या भरण्याचे प्रमाण, म्हणजेच व्यवसायाच्या भाषेतील ‘ऑक्युपन्सी’, हा शाळकरी मुलालाही जमेल असा भागाकार आहे. तरीही त्याच भागाकारातून एकाच हॉटेलाची दोन परस्परविरोधी चित्रे उभी करता येतात. २०१२ मध्ये खाण व्यवसाय ठप्प झाल्यापासून गोव्याच्या अर्थकारणाचा भार पर्यटनावर अधिकच आला आहे. अशा राज्यात हा भागाकार केवळ हॉटेलमालकांपुरता उरत नाही.

भागाकार आणि त्यातील पळवाटा

व्याख्या सरळ आहे. ठरावीक काळात विकल्या गेलेल्या खोल्यांना त्याच काळात उपलब्ध असलेल्या खोल्यांनी भागायचे आणि शंभराने गुणायचे. एक खोली एका रात्रीसाठी, हे येथील मोजमापाचे एकक. समजा, एखाद्या हॉटेलात ६० खोल्या आहेत. तीस दिवसांच्या महिन्यात तेथे १,८०० खोली-रात्री विक्रीसाठी उपलब्ध होतात. त्यांपैकी १,१७० विकल्या गेल्या, तर ऑक्युपन्सी झाली ६५ टक्के.

आता याच हॉटेलातील दहा खोल्या रंगरंगोटीसाठी महिनाभर बंद होत्या असे धरू. व्यवस्थापकाने त्या हिशेबातून वगळल्या तर छेदस्थानी १,८०० ऐवजी १,५०० येतील आणि प्रमाण ७८ टक्क्यांवर जाईल. पुढे प्रवासी कंपन्यांचे प्रतिनिधी, मालकाचे स्नेही आणि पाहणीसाठी आलेले पाहुणे यांना विनामूल्य दिलेल्या ९० खोली-रात्री त्याने ‘भरलेल्या’ म्हणून मिळवल्या, की आकडा थेट ८४ टक्के होतो. पैसे मोजणारा एकही पाहुणा वाढला नाही, गल्ल्यात एक रुपयाही अधिक पडला नाही, तरी ६५ चे ८४ झाले. यात धडधडीत खोटे असे काहीच नाही. फक्त काय मोजायचे आणि काय सोडायचे, याची निवड सोयीने केलेली आहे.

ही निवड मनमानी होऊ नये म्हणून व्यवसायाने नियम केलेले आहेत. हॉटेलांच्या हिशेबांची एकसमान पद्धती न्यूयॉर्कमधील हॉटेल संघटनेने १९२६ मध्येच प्रसिद्ध केली आणि सुधारित आवृत्त्यांच्या रूपाने ती आजही जगभर वापरली जाते. किरकोळ दुरुस्तीसाठी बंद असलेली खोली उपलब्ध खोल्यांतून वगळता येत नाही, हे तिचे एक तत्त्व. प्रदीर्घ काळ बंद राहणाऱ्या खोल्यांचा हिशेब मात्र वेगळा होतो. जगभरच्या हॉटेलांची आकडेवारी गोळा करणारी एसटीआर ही संस्था विकलेल्या खोल्यांत विनामूल्य दिलेल्या खोल्या धरत नाही. मोठ्या साखळी हॉटेलांना हे नियम पाळावे लागतात. पण हंगामात दूरध्वनीवरून ‘आमच्याकडे ९५ टक्के आहे’ असे सांगणाऱ्या प्रत्येकाने ते पाळलेले असतीलच, असे नाही.

छेद बदलतो तेव्हा

छेदाचे महत्त्व मुंबईने दोनदा अनुभवले. २६ नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्यानंतर ट्रायडंट हॉटेल आणि ताजमहालची मनोऱ्याची इमारत महिनाभरात, २१ डिसेंबर रोजी पुन्हा सुरू झाली. शेजारचे ओबेरॉय उघडण्यास २०१० साल उजाडले, तर ताजची जुनी वास्तू १५ ऑगस्ट २०१० रोजी पाहुण्यांसाठी खुली झाली. दक्षिण मुंबईतील आलिशान खोल्यांचा मोठा हिस्सा इतका काळ बाजाराबाहेर होता. अशा वेळी ‘मुंबईतील हॉटेले किती भरली’ या प्रश्नाला बंद खोल्या धरून एक उत्तर येते आणि त्या वगळून दुसरे.

दुसरा प्रसंग करोनाचा. टाळेबंदीनंतर महाराष्ट्र शासनाने ८ जुलै २०२० पासून हॉटेलांना ३३ टक्के क्षमतेने व्यवसायाची परवानगी दिली. शंभर खोल्यांच्या हॉटेलाने ३३ पैकी ३० खोल्या भरल्या, तर परवानगी असलेल्या खोल्यांच्या हिशेबाने ऑक्युपन्सी ९१ टक्के होते आणि इमारतीच्या हिशेबाने ३० टक्के. पहिला आकडा वाचून बँकेला धीर येईल, दुसरा वाचून तिचा अधिकारी कर्जाची फाइल पुन्हा उघडेल. जगभर हॉटेलेच्या हॉटेले बंद पडल्यावर एसटीआरलाही नेहमीच्या पद्धतीबरोबरच, तात्पुरती बंद हॉटेले धरून काढलेले वेगळे प्रमाण द्यावे लागले, ते याच कारणामुळे.

सरासरीची गल्लत

एका हॉटेलाचा आकडा नीट काढला तरी अनेक हॉटेलांचा एकत्रित आकडा काढताना दुसरी चूक होते. दहा खोल्यांचे छोटे हॉटेल शंभर टक्के भरले आहे आणि १९० खोल्यांचे मोठे हॉटेल निम्मे भरले आहे. दोन्ही टक्क्यांची सरासरी काढली तर ७५ येतात. प्रत्यक्षात २०० खोल्यांपैकी १०५ भरल्या आहेत, म्हणजे केवळ साडेबावन्न टक्के. टक्क्यांची सरासरी काढायची नसते, खोल्यांची बेरीज करायची असते. पाच-सहा हॉटेलांना विचारून ‘सरासरी’ छापण्याचा मोह होतो तेव्हा हे भान राहत नाही.

तीच गोष्ट दिवसांची. शुक्रवार-शनिवारी ९५ टक्के आणि उरलेल्या पाच रात्री ४५ टक्के, असा आठवडा असेल तर सरासरी जेमतेम ५९ टक्के भरते. मुंबई, पुणे, बेंगळुरू आणि हैदराबाद येथून येणाऱ्या शनिवार-रविवारच्या पर्यटकांवर गोवा जसजसा विसंबू लागला, तसतशी ही दरी महत्त्वाची ठरू लागली. शनिवारी बागाच्या रस्त्यावर वाहनांच्या कोंडीत सापडलेल्याला गोवा फुटेस्तोवर भरलेला वाटतो, आणि मंगळवारी त्याच रस्त्यावरचा टॅक्सीवाला भाड्याची वाट पाहत बसतो. नाताळाच्या आठवड्यातील ९५ टक्के हा तर वर्षातील सर्वांत चांगल्या दिवसांचा आकडा. त्यावरून वर्षाचा अंदाज बांधणे म्हणजे गणेशोत्सवातील फुलांच्या भावावरून वर्षभराची फुलशेती आखणे होय.

पर्यटक वाढले, खोल्या भरल्या का?

पर्यटकांची संख्या आणि खोल्यांची विक्री या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे न जाणल्यामुळे गोव्याविषयीच्या वादात सर्वाधिक गोंधळ झाला. शासकीय आकडेवारीनुसार २०१९ मध्ये गोव्यात सुमारे ७१ लाख देशी आणि ९ लाख ३७ हजार परदेशी पर्यटक आले. २०२४ मध्ये देशी पर्यटक ९९ लाखांच्या पुढे गेले, तर परदेशी पर्यटक सुमारे ४ लाख ६८ हजारांवर राहिले. एकूण संख्या एक कोटीवर गेली, हे खरे. परदेशी पाहुणे निम्म्यावर आले, हेही तितकेच खरे. सप्टेंबर २०१९ मध्ये ब्रिटनची थॉमस कूक कंपनी बुडाली, त्यापाठोपाठ करोना आला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेन युद्ध सुरू झाले. चार्टर विमानांनी येणाऱ्या ब्रिटिश व रशियन पाहुण्यांवर या तिन्ही घटनांचा परिणाम होणे अटळ होते.

पण खोल्यांच्या भाषेत याचा अर्थ काय? खोली-रात्रींची संख्या पर्यटकांच्या डोक्यांवर ठरत नाही. डोकी गुणिले मुक्कामाच्या रात्री, भागिले एका खोलीत राहणारी माणसे, असा तो हिशेब आहे. चार्टरने आलेले एखादे जोडपे चौदा रात्री राहिले, तर दोन पर्यटकांमागे १४ खोली-रात्री विकल्या जातात. तीन मित्र एका खोलीत दोन रात्री राहिले, तर तीन पर्यटकांमागे दोनच. म्हणजे त्या एका जोडप्याची जागा भरून काढण्यासाठी अशा तिघांच्या सात टोळ्या, अर्थात २१ पर्यटक यावे लागतील. प्रत्येक परदेशी चौदा रात्री राहत नाही आणि प्रत्येक देशी पर्यटक तिघांत खोली घेत नाही, हे उघड आहे. तरीही विमानतळावर गर्दी, रस्त्यावर गर्दी आणि हॉटेलात मात्र चिंता, हे चित्र एकाच वेळी कसे खरे असू शकते, ते या उदाहरणावरून ध्यानात यावे.

त्यात छेदही वाढतो आहे. जानेवारी २०२३ मध्ये मोपा येथील विमानतळ सुरू झाल्यावर उत्तर गोव्याचे आकर्षण वाढले. बंगले, सदनिका आणि घरगुती निवासव्यवस्था मोठ्या प्रमाणावर पर्यटकांना भाड्याने दिल्या जाऊ लागल्या. १९८२ च्या कायद्यानुसार गोव्यात अशा व्यवसायाची पर्यटन खात्याकडे नोंदणी आवश्यक आहे. परंतु नोंदणीविना चालणाऱ्या खोल्या ही तेथील अधिकृत हॉटेलचालकांची जुनी तक्रार आहे. ज्या खोल्या कागदावर नाहीत, त्या छेदातही नाहीत आणि अंशातही नाहीत. परिणामी नोंदणीकृत हॉटेलाचा मालक ‘धंदा बसला’ म्हणतो, शेजारच्या सदनिकेत मात्र रोज नवा पाहुणा उतरतो.

भरलेले हॉटेल आणि भरलेला गल्ला

आता पैशांकडे वळू. साठ खोल्यांचेच हॉटेल घ्या. ३,००० रुपये भाड्याने त्याने ९० टक्के, म्हणजे ५४ खोल्या भरल्या, तर एका रात्रीचे उत्पन्न १ लाख ६२ हजार रुपये. भाडे ५,००० ठेवून केवळ ६० टक्के, म्हणजे ३६ खोल्या भरल्या, तर उत्पन्न १ लाख ८० हजार. ऑक्युपन्सीत तीस टक्क्यांची घट, उत्पन्नात १८ हजारांची वाढ, शिवाय चादरी धुण्याचा, विजेचा आणि न्याहारीचा खर्च कमी. म्हणूनच जाणकार हॉटेल व्यावसायिक ऑक्युपन्सीबरोबर सरासरी भाडे पाहतात आणि दोहोंच्या गुणाकारातून येणारे ‘रेव्हपार’, म्हणजे प्रत्येक उपलब्ध खोलीमागील उत्पन्न, अधिक महत्त्वाचे मानतात. पहिल्या स्थितीत ते २,७०० रुपये आहे आणि दुसऱ्या स्थितीत ३,०००.

मालकाच्या दृष्टीने येथे विषय संपतो, समाजाच्या दृष्टीने मात्र तो येथे सुरू होतो. दुसऱ्या स्थितीत हॉटेलात १८ खोल्यांचे पाहुणे रोज कमी आले. त्यांनी टॅक्सी केली नाही, शॅकवर मासळीचे ताट मागवले नाही, दुचाकी भाड्याने घेतली नाही. सफाई कामगारांची गरजही घटली. मालकाचा ताळेबंद सुधारत असताना टॅक्सीवाला आणि शॅकवाला ‘पर्यटक नाहीत’ म्हणून ओरडतो, तेव्हा तो खोटे बोलत नसतो. उलट, भाडी पाडून हॉटेले भरली तर रस्त्यावर गर्दी दिसेल, कचरा आणि पाण्याची मागणी वाढेल, पण हॉटेलमालक कर्जाच्या हप्त्यासाठी झगडत असेल. कोणाच्या पोटाचा प्रश्न आहे, यावर कोणता आकडा पाहायचा ते ठरते.

या पार्श्वभूमीवर कोणाच्या चित्रफितीवर कारवाई करायची, यापेक्षा कोणते आकडे जनतेसमोर ठेवायचे, हा प्रश्न शासनाने अगत्याने घ्यावा. नोंदणीकृत खोल्या किती, दरमहा त्यांतील किती रात्री विकल्या गेल्या, सरासरी मुक्काम किती दिवसांचा आणि सरासरी भाडे किती, एवढ्या चार गोष्टी तालुकावार व नियमित प्रसिद्ध झाल्या, तर निम्मा वाद आपोआप मिटेल. गोव्याचे पाहुणे ज्याच्या दारात येऊ घातले आहेत, त्या सिंधुदुर्गालाही हे लागू आहे. मालवण-तारकर्लीच्या घरगुती निवासांसाठी कर्ज काढणाऱ्या कुटुंबाने मे महिन्यातील ‘हाउसफुल्ल’ पाटी पाहून चार खोल्या वाढवाव्यात की पावसाळ्यातील रिकाम्या खोल्या मोजून थांबावे, हा त्याच्या घरादाराचा प्रश्न आहे.

वाचकांनीही पुढच्या हंगामात ‘हॉटेले ९५ टक्के भरली’ हे वृत्त वाचताना तीन प्रश्न मनाशी विचारावेत. कोणत्या खोल्या धरून? किती रात्रींचा हिशेब करून? आणि कोणत्या भावाने? या तिन्हींची उत्तरे वृत्तात नसतील, तर त्या आकड्यावरून गोवा भरल्याचा आनंद मानू नये आणि रिकामा झाल्याची हळहळही करू नये.