निधी द्यायचा तर तिसऱ्या खुर्चीसाठी द्या



परदेशातल्या मराठी माणसाला गावाकडे काहीतरी 'मोठे' द्यायचे असते, आणि त्या इच्छेबद्दल मला आदरच आहे. आमच्या इथल्या मंडळींत गेले काही महिने अशीच एक कल्पना घोळते आहे. सर्वांनी मिळून निधी उभारायचा आणि मराठवाडा-विदर्भासाठी एक एअर अँब्युलन्स सुरू करायची! उद्योजक मित्र तयार आहेत, वैमानिक ओळखीचे आहेत, हेलिकॉप्टरवर नाव कोणत्या रंगात लिहायचे इथपर्यंत चर्चा पोहोचली आहे. त्या हेलिकॉप्टरमध्ये रुग्णाशेजारी कोण बसणार, हे मात्र कोणी विचारत नाही. विचारलेच तर उत्तर येते, "घेऊ की एखादा ज्युनिअर डॉक्टर!"

मी भूलतज्ज्ञ आहे. अल बर्शात राहते आणि गेली बरीच वर्षे विमानाने रुग्ण नेण्याचे काम करते. त्यातला निम्मा वेळ तरुण डॉक्टरांना हे काम शिकवण्यात जातो. म्हणून स्पष्टच लिहिते. माझा आक्षेप या 'एखाद्या ज्युनिअर डॉक्टर'ला आहे. त्याला शिकवणारा कोण, हे ठरत नाही तोवर माझा त्या हेलिकॉप्टरलाही विरोध आहे.

आधी थोडे शरीरशास्त्र सांगते. डॉक्टर नसलेल्या वाचकांनी घाबरू नये, अकरावीच्या पुस्तकापलीकडचे यात काही नाही. प्रवासी विमान कितीही उंच उडाले तरी आतला हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फुटांवर असतो तेवढा ठेवलेला असतो. आठ हजार फुटांवर बंदिस्त हवा सुमारे एक-तृतीयांशाने फुगते. बरगडी मोडलेल्या माणसाच्या छातीत, फुप्फुसाबाहेर थोडी हवा साठली असेल तर जमिनीवर ती कदाचित त्रासही देणार नाही. वर गेल्यावर तीच हवा फुप्फुस दाबून टाकू शकते. श्वासनळीत घातलेल्या नळीचा फुगा फुगतो आणि आतल्या नाजूक अस्तरावर दाब देतो. ऑक्सिजन जमिनीवर सुमारे १५ टक्के असता तर जेवढा मिळाला असता तेवढाच मिळतो. हेलिकॉप्टरच्या आवाजात स्टेथोस्कोप गळ्यातला दागिना ठरतो, काही ऐकूच येत नाही. छाती हलते आहे का ते डोळ्यांनी बघायचे आणि बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा आलेख वाचायचा.

हे सगळे पुस्तकात आहे. परीक्षेत विचारले तर मुले घडाघडा सांगतात. पण माहिती असणे आणि रात्री दोन वाजता, गाडीत रुग्ण असताना, नातेवाईक रडत असताना ते आठवणे यांत फार मोठे अंतर आहे, आणि ते अंतर कोणीतरी शेजारी बसूनच पार करून घ्यावे लागते.

एक साधे गणित बघा. दुबईहून मुंबईला स्ट्रेचरवर रुग्ण न्यायचा आहे. त्याला मिनिटाला ६ लिटर ऑक्सिजन लागतो. नवा डॉक्टर हिशेब करतो: उड्डाण तीन तासांचे, म्हणजे १८० मिनिटे, म्हणजे १,०८० लिटर. बरोबर? अजिबात नाही! रुग्णालयातून विमानतळ एक तास, तिथे थांबणे दोन तास, उड्डाण तीन तास, मुंबईत उतरून पलंगापर्यंत आणखी दोन तास. आठ तासांचे झाले २,८८० लिटर. वर निम्मा राखीव धरला की ४,३२०. हा राखीव साठा कशाला, असे विचारणाऱ्याला मी जुलै महिन्यातली मुंबई आठवायला सांगते. पावसामुळे विमान अहमदाबादला वळवले आणि तिथे तीन तास अडकले तर? शिवाय बहुतेक विमान कंपन्या आपले सिलिंडर आत घेऊ देत नाहीत, ऑक्सिजन आधीच मागवून ठेवावा लागतो. आकाशात 'आणखी एक सिलिंडर आणा' असे कोणाला सांगणार?

आता प्रत्यक्षात काय चालते ते पाहा. भारतातून एमबीबीएस करून आलेला, इथल्या परवान्याच्या परीक्षेची वाट पाहत बसलेला मुलगा. भाडे थकलेले. त्याला कोणीतरी फोन करते: "पेशंट सोडून यायचा आहे, रोख पैसे, परतीचे तिकीट." हातात एक बॅग मिळते, ती त्याने कधी उघडून पाहिलेली नसते. असे अनुभव मला मुलांनी सांगितले आहेत, एकाने नव्हे, अनेकांनी. त्यांच्या सोबतीने जाणारा रुग्ण बहुधा कोण असतो? आपल्यासारखा विमा असलेला अधिकारी क्वचितच. असतो तो मुहैस्नाच्या कामगार वस्तीतला गवंडी किंवा ड्रायव्हर. त्या वस्तीला सगळे 'सोनापूर' म्हणतात. मुंबईकराला सोनापूर म्हणजे काय ते सांगायला नको. तिथल्या माणसासाठी स्वस्तात स्वस्त डॉक्टर शोधला जातो, आणि स्वस्तात स्वस्त डॉक्टर म्हणजे ज्याला कोणी शिकवलेले नाही असा डॉक्टर!

यावर हमखास येणारा युक्तिवाद असा: "कोणीच नसण्यापेक्षा ज्युनिअर बरा." ऐकायला पटतो, पण चुकीचा आहे. रुग्ण रुग्णालयात असतो तेव्हा त्याच्याभोवती परिचारिका असतात, फोन केला तर वरिष्ठ येतो, रक्तपेढी असते. उड्डाण म्हणजे त्याला या सगळ्यातून उचलून एका डब्यात बंद करणे. पलीकडे अधिक चांगले उपचार मिळतील म्हणून आपण मधले काही तास त्याची सगळी मदत काढून घेतो. त्या तासांत शेजारचा डॉक्टर हेच त्याचे रुग्णालय असते. म्हणून सर्वांत अनुभवी माणूस इथे हवा आणि शिकाऊ माणूस त्याच्या शेजारी.

म्हणजे तिसरी खुर्ची हवी. माझ्या हाताखाली येणारी मुले प्रथम केवळ पाहुणी म्हणून येतात, बघतात, लिहून घेतात. मग एक दिवस मी म्हणते, "आज पेशंट तुझा." मी हात बांधून बसते. हे फार अवघड असते, हात शिवशिवतात. चूक घातक होणार असेल तरच बोलायचे, एरवी गप्प. परत आल्यावर चहा घेत सगळे पुन्हा उलगडायचे: काय पाहिले, काय सुटले, पुढच्या वेळी काय करायचे. पुरेशा उड्डाणांनंतर मी लेखी सही करते, मगच एकट्याने जायचे. यात एका रुग्णामागे दोन डॉक्टरांचा पगार जातो, एक जागा अडते, वजन वाढते. हिशेबनिसाला ती खुर्ची वाया गेलेली दिसते. म्हणूनच ती पहिली काढली जाते.

जगात हे कसे उभे राहिले? लंडनच्या एअर अँब्युलन्सने १९८९ पासून डॉक्टर रस्त्यावरच्या अपघातापर्यंत नेला, आणि कडक देखरेख व झालेल्या प्रत्येक चुकीची उघड चर्चा ही तिथली शिस्त बनली. २०११ मध्ये ब्रिटनमध्ये रुग्णालयाबाहेरच्या आपत्कालीन वैद्यकाला स्वतंत्र उपशाखा म्हणून मान्यता मिळाली. तिथल्या बहुतेक एअर अँब्युलन्स लोकवर्गणीवर चालतात, हे आपल्या मंडळींनी मुद्दाम लक्षात घ्यावे. वर्गणीतून इंधन येते तसेच शिक्षणही येते. अमेरिकेत कंपन्यांची चढाओढ लागली, उड्डाणागणिक पैसे मिळू लागले. २००८ हे तिथल्या वैद्यकीय हेलिकॉप्टर सेवेचे सर्वांत जीवघेणे वर्ष ठरले. त्या सप्टेंबरमध्ये मेरीलँडमध्ये पोलिसांच्या हेलिकॉप्टरला झालेल्या अपघातात पाचपैकी चार जण गेले, म्हणजे सरकारी सेवाही सुटल्या नाहीत. अखेर २००९ च्या फेब्रुवारीत अपघात तपास यंत्रणेला जाहीर सुनावणी घ्यावी लागली.

आपल्याकडेही आठवण करून देणाऱ्या घटना कमी नाहीत. २५ मे २०११ रोजी पाटण्याहून दिल्लीला रुग्ण नेणारे छोटे विमान वादळी हवेत फरिदाबादच्या वस्तीवर कोसळले. आतले सातही आणि जमिनीवरचे तीन असे दहा जण गेले. ६ मे २०२१ रोजी नागपूरहून निघताना एका एअर अँब्युलन्सचे चाक निखळले. वैमानिकाच्या कौशल्यामुळे मुंबईत ते विमान पोटावर उतरले आणि पाचही जण वाचले. १७ मे २०२५ रोजी ऋषिकेशच्या एम्सचे हेलिकॉप्टर केदारनाथजवळ आदळले, तिघे बचावले. या अपघातांचे खापर डॉक्टरांवर फोडायचे नाही. सांगायचे एवढेच, की प्रत्येक उड्डाण हा रुग्णासाठी आणि चमूसाठी खरा धोका आहे. म्हणून 'जायचे की नाही' हा निर्णय हेच या कामातले पहिले कौशल्य आहे. चांगल्या सेवांत वैमानिकाला रुग्णाची हकीगतही सांगत नाहीत, कारण "लहान मूल आहे हो" असे ऐकले की माणूस वाईट हवेतही उडायला बघतो. आणि नियम असा, की निघायला सर्वांचा होकार लागतो, थांबायला एकाचा नकार पुरतो.

हा नकार शिकवणे मला सर्वांत कठीण जाते. गेल्या वर्षीचीच गोष्ट. परांचीवरून पडलेला कोकणातला एक कामगार, बरगड्या मोडलेल्या, एक्स-रे दोन दिवसांपूर्वीचा. माझी विद्यार्थिनी लातूरकडची. ती म्हणाली, नवा एक्स-रे पाहिल्याशिवाय मी नेणार नाही. कंपनीचा माणूस ओरडत होता, विमान उभे होते. ती रडकुंडीला आली, पण हलली नाही. एक्स-रेत छातीत हवा दिसली. नळी घालावी लागली, उड्डाण पुढे ढकलले, आणि तो माणूस बोलत-बोलत मुंबईला पोहोचला. नंतर ती मला म्हणाली, "मॅडम, तुम्ही मागे उभ्या होतात म्हणून बोलले." बस्स, मार्गदर्शन म्हणजे हेच!

आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांत 'नाही' म्हणणाऱ्या ज्युनिअरचे काय होते, हे इथल्या डॉक्टर वाचकांना ठाऊक आहे. 'सर' म्हणजे देव आणि सिनिअर म्हणजे सरंजामदार. २०१९ साली मुंबईत नायर रुग्णालयातल्या डॉ. पायल तडवी या आदिवासी पदव्युत्तर विद्यार्थिनीने आत्महत्या केली आणि तीन वरिष्ठ सहकाऱ्यांवर जातीवरून छळ केल्याचा आरोप झाला. न्यायालयात काय व्हायचे ते होईल, पण ज्या वॉर्डात कनिष्ठाने मान वर करायची नसते, त्या वॉर्डातून आलेली मुलगी वैमानिकासमोर 'थांबा' कसे म्हणेल? पुरोगामी म्हणवणाऱ्या आपल्याला या प्रश्नापेक्षा हेलिकॉप्टरचा रंग जास्त महत्त्वाचा वाटावा, याचे मला वाईट वाटते.

महाराष्ट्रात २०१४ साली १०८ क्रमांकाची सेवा सुरू झाली. ९३७ गाड्या, प्रत्येकीत डॉक्टर, बहुतांश बीएएमएस. त्यांना नावे ठेवणे आपल्या लोकांना फार आवडते. पण त्यांच्याशेजारी बसून शिकवणारा वरिष्ठ कोणी दिला? आपत्कालीन वैद्यकाला देशात स्वतंत्र शाखा म्हणून मान्यता मिळाली ती २००९ मध्ये, आणि २०२३ च्या नियमावलीत वैद्यकीय महाविद्यालयांना अनिवार्य असलेल्या विभागांच्या यादीतून ती वगळलीही गेली! त्याच वर्षी जुलैत इर्शाळवाडीवर दरड कोसळली. पावसाळी हवेत हेलिकॉप्टर उडू शकले नाही, मदत करणारे डोंगर पायी चढून गेले. शिकलेला माणूस पायीही जातो. यंत्र मात्र हवा बरी होण्याची वाट पाहते.

म्हणून माझे मागणे असे:

१. निधीचा पहिला हप्ता शिकवणाऱ्यांच्या पगारासाठी ठेवावा. नागपूर, छत्रपती संभाजीनगर, अंबाजोगाई अशा सरकारी महाविद्यालयांत आपत्कालीन वैद्यकाचे पूर्णवेळ मार्गदर्शक नेमण्यासाठी.

२. आपल्यातल्या डॉक्टर, परिचारिका आणि पॅरामेडिकनी वर्षातून तीन आठवडे जावे. फीत कापायला नको, १०८ च्या गाडीत तिसऱ्या खुर्चीवर बसायला. तिथले नोंदणीचे नियम पाळून, शिक्षक म्हणून.

३. दर आठवड्याला व्हिडिओवर झालेल्या रुग्णांची चर्चा व्हावी. तीत हुद्दा नाही, 'सर' नाही, फक्त रुग्णाचे काय झाले ते.

४. आपला पैसा जिथे जाईल तिथे कनिष्ठाच्या नकाराचा हक्क लेखी असावा. नकार दिला म्हणून पगार कापायचा नाही, सुट्टी कापायची नाही.

एवढे झाले, सही होऊन तयार झालेले दहा-बारा डॉक्टर उभे राहिले, की हेलिकॉप्टरसाठी पहिली वर्गणी मी देईन.

हा ठराव मी पुढच्या बैठकीत मांडणार आहे. ज्यांना पटत नाही त्यांनी जरूर विरोध करावा, मोकळेपणाने लिहावे. फक्त लिहिताना एवढे सांगावे, की स्ट्रेचरवर तुमचे वडील असतील तर शेजारी कोणाला बसवाल, आणि त्याला ते काम कोणी शिकवलेले असेल?

कळावे, लोभ असावा.

अल बर्शाहून,
आपली एक भूलतज्ज्ञ मैत्रीण