उपनगरातील उपरे कोण?

परदेशी निघालेला सुशिक्षित मनुष्य तेथील रीतभात आधी शिकून घेतो. लंडनास रांग कशी धरावी, जपानात पादत्राणे कोठे उतरावीत, हे तो पाठ करतो. परंतु तोच मनुष्य गिरगाव-दादर सोडून अंधेरी-बोरिवलीस बिऱ्हाड करतो, तेव्हा आपण कोणाच्या दारी आलो आहो, हा प्रश्न त्याच्या मनास शिवतही नाही. आमच्या मते हे निव्वळ अज्ञान नव्हे; हा उद्धटपणा होय.

साष्टीचे बेट ओसाड नव्हते. १९५७ साली मुलुंड-दहिसरपर्यंतची हद्द मुंबई महापालिकेत सामील झाली. त्याच्या फार पूर्वीपासून वेसाव्यास कोळी, आरेच्या पाड्यांवर वारली आणि मरोळ-चकाल्यास पोर्तुगीज अमलात ख्रिस्ती झालेले भूमिपुत्र नांदत होते. या शेवटच्यांनी गोवा-मंगळुराहून आलेल्या धर्मबांधवांपासून आपली ओळख निराळी राहावी म्हणून १८८७ च्या सुमारास ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. घरची बोली मात्र मराठीच ठेविली. लग्नात विहिरीचे पाणी वाजतगाजत आणण्याचा त्यांचा विधी ‘उंबराचे पाणी’ याच नावाने चालतो. असे असता डिमेलो किंवा परेरा हे आडनाव कानी पडताच आमचे भाषाभिमानी गृहस्थ हिंदीत अगर इंग्रजीत बोलू लागतात, आणि उत्तर मराठीत आले की चकित होतात! परप्रांतीयांनी मराठी शिकावी, असा आग्रह धरणाऱ्यांस हे शोभते काय?

वेसाव्यास बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळतात. समुद्राचा वारा हवा म्हणून तेथे घर घ्यावयाचे, आणि त्याच वाऱ्यावरून वास आला की नाकास रुमाल लावून तक्रार करावयाची, हा कोठला न्याय?

कोणी म्हणेल, शहर सर्वांचे आहे. येथे यजमान कोण आणि पाहुणा कोण? राहण्याचा हक्क सर्वांस सारखाच आहे, हे आम्हांस मान्य आहे. कोणास हुसकावून लावण्याची भाषा आम्ही करीत नाही. परंतु खरेदीखताने घर मिळते, शेजार मिळत नाही. तो मागाहून आलेल्याने जोडावयाचा असतो.

त्यासाठी फार काही करावे लागत नाही. गावठाणातील क्रूसाच्या ओट्याला मोटार टेकवू नये. नारळी पौर्णिमेस कोळीवाड्यात जावे, ते तमाशा पाहावयास नव्हे. आणि शेजाऱ्याचे आडनाव काहीही असो, त्याच्याशी पहिला शब्द मराठीत बोलावा. परमुलखात जाताना जी नम्रता आपण सामानाबरोबर बांधून नेतो, तिच्यावर घरच्या शेजाऱ्याचा हक्क पहिला आहे.