चढाला चालणारा जवान

मागच्या आठवड्यात गावाकडच्या एका निवृत्त सुभेदार साहेबांचा फोन आला. बोलता बोलता मी सांगून बसलो की रविवारी ३० किलोमीटर धावलो, मोठे चढ मात्र चालत काढले. पलीकडं क्षणभर शांतता. मग म्हणाले, "चाललास? फौजी माणूस असून चाललास?" साहेबांचा मान ठेवून फोनवर "हो साहेब" एवढंच म्हटलं. इथं मात्र सविस्तर उत्तर देतो, कारण ही समजूत त्यांच्या एकट्याची नाही, आणि तिच्यापायी पोरांचे पाय मोडतात.

सध्या पोस्टिंग वेलिंग्टनला, निलगिरीत. उंची सहा हजार फुटांच्या आसपास. पहाटे पाचला बाहेर पडलं की अरवंकाडूकडच्या रस्त्यावर धुकं इतकं असतं की हेडटॉर्चचा उजेड परत तोंडावर येतो. चहाच्या मळ्यातून कधी रानगवा रस्त्यावर येऊन उभा राहतो. तो हलेपर्यंत आपण थांबायचं, तिथं टायमिंगचा प्रश्नच नाही. सपाट रस्ता म्हणून इथं नाहीच. एक चढ संपला की उतार, उतार संपला की पुढचा चढ.

आपली चालण्याची लाज येते कुठून? भरतीच्या मैदानातून. १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांत, पूर्ण ६० गुण. पुढं बीपीईटीत ५ किलोमीटर. तिथं जो चालला तो गेला, हे खरंच आहे. मागं पडला की रगडा, आणि उस्तादांची वाणी वेगळी. पण ते अंतर अर्ध्या तासाच्या आतलं. ४२ किंवा ७० किलोमीटरला तोच हिशोब लावणं म्हणजे शंभर मीटरच्या दमात सिंहगड चढायला निघण्यासारखं.

इथली डोंगररेल्वे बघा. मेट्टुपालयम ते उटी ४६ किलोमीटर. वर जायला पावणेपाच-पाच तास, खाली यायला साडेतीन. कल्लारपासून कुन्नूरपर्यंत चढ एवढा उभा की रुळांच्या मधे दात्यांची पट्टी आहे. इंजिनाचं दातेरी चाक तिच्यात अडकतं आणि एकेक दात पकडत गाडी वर येते. १८९९ पासून ती कुन्नूरला येते आहे. तिला कोणी भित्री म्हटलेलं मी ऐकलं नाही.

शरीराचंही तसंच. उभ्या चढावर रखडत पळण्यापेक्षा त्याच वेगानं चालायला ताकद कमी लागते. नाडी आटोक्यात राहते, पोटऱ्या शाबूत राहतात. आल्प्समधल्या १७० किलोमीटरच्या शर्यतीत पहिले येणारेसुद्धा उभे चढ काठ्या टेकत चालतात. हे लोक आपल्यापेक्षा कमी तयारीचे आहेत का?

आता साहेब म्हणतील, लढाईत टेकडी चालत घेणार का? हो साहेब, चालतच घेतात. १९९९ ला टोलोलिंग आणि टायगर हिल आपल्या जवानांनी रात्रीच्या अंधारात, पाठीवर वजन घेऊन, पाऊल पाऊल चढून घेतली. शेवटच्या काही मीटरची धाव वेगळी, आणि ती मारायला अंगात दम उरावा लागतो. लडाखला पोहोचल्यावर पहिल्या टप्प्यात सहा दिवस अंगाला हवेची सवय करून द्या, पहिले दोन दिवस तर विश्रांतीच घ्या, हे आपल्याला फौजच शिकवते. तिथं कोणी मर्दानगी काढत नाही.

मागं एका ठिकाणी आमच्यात एक पोरगा होता, वय बावीस. डोंगरावरची लांबची धाव, मागून सारखं "चालायचं नाही, चालायचं नाही" चाललेलं. नडगी आठवडाभर दुखत होती, बोलला नाही. चढ पळत काढला आणि थकलेल्या पायांनी उतारावर दणादणा सुटला. हाडाला चीर गेली होती. तीन महिने लाईट ड्युटी, पुढच्या कोर्सचं नाव गेलं. चढ दम काढतो, पण मोडतोड उतारावर होते, कारण तिथं प्रत्येक पावलाला मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच अंगाचं वजन झेलत असतात. दमलेली मांडी ते झेलू शकत नाही, मग हाड झेलतं. त्या दिवशी "चालत जा रे" म्हणायला मीही तोंड उघडलं नाही. नवीन होतो, लाज वाटली.

म्हणून एवढ्या तावातावानं लिहितोय. चढावर जोर काढायला माझी ना नाही. आठवड्यातून एकदा मीही दोनशे मीटरचा चढ आठ वेळा जीव तोडून पळतो. पण तो दिवस वेगळा आणि रविवार वेगळा.

आणि एक गोष्ट साहेबांसाठी खास. दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स मॅरेथॉन, साधारण ९० किलोमीटर, सगळी डोंगराळ. पहिल्या महायुद्धात लढलेल्या विक क्लॅफम या सैनिकानं आपल्या मेलेल्या साथीदारांच्या आठवणीसाठी १९२१ मध्ये ती सुरू केली. सैनिकांच्या नावाची शर्यत आहे ती, आणि तिच्या चढांवर हजारो लोक दरवर्षी चालतात.

साहेब, दिवाळीला सुट्टी मिळाली तर साताऱ्याला येतोय. पहाटे पाचला यवतेश्वरच्या घाटाखाली भेटू. तुम्ही पळा, मी चालतो. कासच्या पठारावर चहा माझ्याकडून.