कळा बंद पडल्या, तरी वाट बंद नाही



मागच्या काही महिन्यांत आमच्याकडे एकच तक्रार वेगवेगळ्या घरांतून आली. लॅपटॉपच्या कळा चालत नाहीत, त्यातच वाय-फाय बंद पडला आहे, आणि तो सुरू करायची कळसुद्धा त्या मेलेल्या कळांमध्येच आहे. आता करायचे काय? बहुतेक घरांत याचे उत्तर एकच निघते, ‘यंत्र गेलं.’ मग ते फडक्यात गुंडाळून कपाटावर जाते, नाहीतर भंगाराच्या भावात विकले जाते. हप्ते मात्र चालूच राहतात.

आमचे म्हणणे असे की, दहापैकी बऱ्याच वेळा यंत्र गेलेले नसते. एक दार अडलेले असते, इतकेच. दुसऱ्या दाराने आत जाता येते. ते दार कोणते, हे आज आम्ही सांगणार आहोत.

प्रथम कार्ल्याची हकिकत ऐका. मावळातला पाऊस आपल्याला ठाऊकच आहे. लोणावळ्याला वर्षाकाठी ४००० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. आषाढ-श्रावणात भिंतींना ओल येते, कपड्यांना वास येतो, आणि पत्र्याच्या घरात विजेची उपकरणेही त्या दमटपणातून सुटत नाहीत. कार्ल्याच्या एका घरातली मुलगी कॉलेजात शिकते. वडील लोणावळ्याला एका बंगल्यावर राखणदारी आणि बागकाम करतात. त्यांनी मुलीसाठी जुना, वापरलेला लॅपटॉप हप्त्याने घेतला. पावसाळ्यात त्याच्या अर्ध्या कळा बसल्या. मुलीने कोरड्या कापडाने वरची रांग पुसली, आणि त्यानंतर वाय-फाय जो गेला तो गेलाच. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला दोन दिवस उरले होते.

दुरुस्तीवाल्याने सांगितले, “कीबोर्ड बदलावा लागेल. पार्ट पुण्याहून मागवतो. चार दिवस धरा.” चार दिवसांनी अर्जाची तारीख निघून गेलेली असणार. शिष्यवृत्ती गेली म्हणजे फीचे पैसे उभे करायचे कुठून, हा प्रश्न. घरात त्या रात्री कोणी नीट जेवले नाही.

वाट सापडली ती आईमुळे. आई शाळेत चौथीपर्यंत गेलेली. भांडी घासून ती मुलीशेजारी बसली आणि पडद्याच्या खालच्या कोपऱ्याकडे बोट करून म्हणाली, “हे विमान कसलं गं काढलंय?”

मुलीने ते चित्र रोज पाहिले होते, पण त्याच्याकडे लक्ष दिले नव्हते. ते विमानाचे चित्र म्हणजे ‘एअरप्लेन मोड’. विमानात बसल्यावर यंत्रातल्या सगळ्या बिनतारी लहरी एकदम बंद करता याव्यात म्हणून केलेली ही सोय. पुष्कळ लॅपटॉपांवर तिची कळ वरच्या रांगेतच असते. पुसताना ती दाबली गेली, सोय चालू झाली, आणि वाय-फाय बंद झाला. पुढे ती कळच बसली, त्यामुळे बंद झालेले परत चालू होईना. मुलीने बोटाने टचपॅडवरून बाण त्या विमानावर नेला, टिचकी मारली, आणि विमान विझवले. शेजारच्या घरातल्या वाय-फायचे नाव पडद्यावर आले. पासवर्ड कसा टाकायचा, तेही पडद्यावरच्या कीबोर्डने जमले. आधारला जोडलेला फोन वडिलांच्या खिशात, आणि वडील लोणावळ्याला ड्युटीवर. मुलीने फोन लावला, वडिलांनी ओटीपीचे आकडे वाचून दाखवले, आणि त्या रात्री साडेदहाला अर्ज गेला.

यात जादू काही नाही. यंत्राची रचना समजली की हे कोणालाही जमते.

कळ आणि वाय-फाय यांचा संबंध किती?

वाय-फायचा छोटा भाग लॅपटॉपच्या पोटात असतो. तो लहरी पाठवतो आणि घेतो. कीबोर्डचा त्या कामाशी संबंध नाही. कीबोर्डवरची कळ फक्त ‘चालू हो’ किंवा ‘बंद हो’ असा निरोप देते. तोच निरोप टचपॅडवरून किंवा माऊसनेही देता येतो. टचपॅडची जोडणी बहुतेक यंत्रांत वेगळी असते, म्हणून कळा मेल्या तरी टचपॅड जिवंत राहतो.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. वाय-फायची कळ बहुधा ‘एफएन’ नावाच्या कळीबरोबर दाबावी लागते. ही एफएन कळ लॅपटॉपच्या अंगचीच असते. बाहेरून यूएसबीचा साधा कीबोर्ड आणून लावला, तर अक्षरे उमटतात, पण त्यावर ही एफएन जोडी सहसा मिळत नाही. ‘नवा कीबोर्ड लावला तरी वाय-फाय येत नाही’ असे सांगणारे इथेच अडकतात. त्यांनी कळ शोधत बसू नये, पडद्यावरून जावे.

आता पायरीपायरीने करू

पहिली पायरी. यंत्राच्या कडा पाहा. जुन्या काही लॅपटॉपांना बाजूला किंवा पुढच्या कडेला सरकणारे छोटे बटण असते, त्यावर मनोऱ्याचे किंवा लहरींचे चित्र असते. पिशवीतून नेताना ते सरकते. ते असेल तर सरकवून बघा.

दुसरी पायरी. विंडोज १० किंवा ११ असेल तर पडद्याच्या खाली उजव्या कोपऱ्यात घड्याळाजवळ विमान, पृथ्वीचा गोल किंवा पंख्यासारखे वाय-फायचे चित्र दिसेल. त्यावर टिचकी मारा. चौकोन उघडतील. ‘एअरप्लेन मोड’चा चौकोन रंगीत असेल तर त्यावर टिचकी मारून तो विझवा. ‘वाय-फाय’चा चौकोन विझलेला असेल तर पेटवा.

तिसरी पायरी. चौकोन सापडत नसेल तर खिडकीच्या चित्राच्या ‘स्टार्ट’वर जा, ‘सेटिंग्ज’ उघडा, ‘नेटवर्क अँड इंटरनेट’मध्ये शिरा. तिथेही हीच दोन बटणे आहेत.

चौथी पायरी. वाय-फायचे नावच कुठे दिसत नसेल, तर ‘स्टार्ट’वर उजवी टिचकी मारा आणि ‘डिव्हाइस मॅनेजर’ निवडा. त्यात ‘नेटवर्क अडॅप्टर्स’ उघडा. ज्या नावात ‘वायरलेस’ किंवा ‘वाय-फाय’ असेल, त्यावर खाली जाणारा छोटा बाण असला तर तो भाग बंद केलेला आहे. नावावर उजवी टिचकी मारून ‘इनेबल डिव्हाइस’ करा.

पाचवी पायरी. एवढे करूनही काही हलले नाही, तर यंत्र पूर्ण बंद करा, चार्जर काढा, बॅटरी निघणारी असेल तर तीही काढा, आणि पॉवरचे बटण अर्धा मिनिट दाबून धरा. आत उरलेली वीज निघून जाते. मग जोडून पुन्हा सुरू करा. अडून बसलेला भाग पुष्कळदा याने ताळ्यावर येतो.

पासवर्ड लिहायचा कसा?

यंत्र सुरू होताना पासवर्ड मागते तेव्हाच कित्येकांची गाडी अडते. त्या पडद्याच्या खाली उजवीकडे माणसाच्या आकृतीचे किंवा तशाच सोयीचे चित्र असते. त्यावर टिचकी मारली की यादी उघडते, तीत ‘ऑन-स्क्रीन कीबोर्ड’ आहे. तो निवडला की पडद्यावरच कीबोर्ड उमटतो. एकेका अक्षरावर बाण नेऊन टिचकी मारायची. आत गेल्यावर तोच कीबोर्ड ‘सेटिंग्ज’मध्ये, विंडोज ११ला ‘ॲक्सेसिबिलिटी’ आणि विंडोज १०ला ‘ईज ऑफ ॲक्सेस’ या नावाखाली मिळतो. टिचक्या मारत लिहायला वेळ लागतो, पण सबंध अर्ज भरता येतो.

ही सोय कोणासाठी केली, हेही सांगितले पाहिजे. ज्यांचे हात चालत नाहीत, ज्यांना कळा दाबता येत नाहीत, अशा अपंग बांधवांनाही यंत्र वापरता यावे, म्हणून ती ठेवलेली आहे. आपल्या देशात २०१६ साली दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा झाला, त्यातही संगणक आणि माहिती त्यांना वापरता येईल अशी असावी, हे तत्त्व आहे. एकासाठी दार रुंद केले की त्यातून सगळेच जातात, ते असे.

पासवर्ड बरोबर असून चुकतो आहे, असे वाटले तर शेजारच्या डोळ्याच्या चित्रावर टिचकी मारून काय उमटले ते पाहा. काही लॅपटॉपांवर ‘नम लॉक’ चालू राहिले की अक्षरांच्या जागी आकडे पडतात. आणि एखादी कळ खाली रुतून बसली असेल तर ठिपके आपोआप वाढत जातात. अशा वेळी कारागिराकडून कीबोर्डची आतली पट्टी सुटी करून घ्यावी आणि बाहेरचा कीबोर्ड लावावा. ते काम लहान आहे. सबंध कीबोर्ड बदलण्याआधी एवढेच करून मिळेल का, हे जरूर विचारा.

वाय-फायच नको, तर दुसरा रस्ता

घरात अँड्रॉइड फोन असेल तर त्याची चार्जिंगची वायर लॅपटॉपला जोडा. फोनच्या ‘सेटिंग्ज’मध्ये ‘हॉटस्पॉट अँड टेदरिंग’ आहे, त्यात ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. फोनचे इंटरनेट वायरीतून थेट लॅपटॉपात येते. वाय-फाय लागत नाही, आणि नेटचा पासवर्डही टाकावा लागत नाही. ज्यांचा कीबोर्ड मेला आहे त्यांना यासारखा रस्ता नाही. दोन गोष्टी मात्र पाहा. वायर निव्वळ चार्जिंगची असेल तर हे चालत नाही, निरोपही नेणारी वायर पाहिजे. आणि काम झाले की टेदरिंग बंद करा, नाहीतर लॅपटॉप आपली अपडेट ओढत बसतो आणि दिवसाचा डेटा संपतो.

बिनतारीची थोडी ओळख

हवेतून निरोप जाणे आपल्या जिल्ह्याला नवे नाही. १८९०च्या दशकात कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस यांनी बिनतारी लहरींनी लांबची घंटा वाजवून दाखवली. १९२७ साली पुण्याजवळ खडकीला आणि दौंडला बिनतारी केंद्रे उभी राहून इंग्लंडशी थेट निरोपांची ये-जा सुरू झाली. आज आपल्या घरातला वाय-फाय ज्या नियमांवर चालतो, त्यांचा पहिला मसुदा १९९७ साली पक्का झाला. घरगुती वाय-फायच्या लहरी विनापरवाना वापरायची मोकळीक आपल्या देशात २००५ साली मिळाली. म्हणून आज वस्तीतल्या घरातही तो कोणाला न विचारता लावता येतो.

यंत्राला हात लावायची भीती

आपल्या घरांतून अजून एक भीती आहे, ती म्हणजे ‘हात लावू नको, बिघडेल.’ महागाची वस्तू, मोठ्या कष्टाने घेतलेली, म्हणून ही भीती. तिचा आम्हाला राग नाही. पण कार्ल्याच्या लेण्यांत चैत्याच्या दारापाशी कधी थांबून पाहा. तिथे ब्राह्मी अक्षरांत दाते आणि कारागीर यांची नावे आहेत. धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या एका सुताराने दार केले, असे तिथे कोरलेले आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी हाताने काम करणाऱ्याचे नाव दगडावर आले. ज्यांच्या हातांनी घरे, रस्ते, रेल्वे उभी केली, त्यांच्या मुलाबाळांनी आणि आयांनी एका टिचकीला भ्यायचे कारण नाही. वर सांगितलेल्या पायऱ्यांनी काहीही मोडत नाही. जे चालू केले ते तिथेच बंद करता येते.

भ्यायचे ते दुसऱ्याच गोष्टींना. लॅपटॉपवर चहा-पाणी सांडले तर आधी पॉवरचे बटण दाबून धरून तो बंद करा, चार्जर काढा, तंबूसारखा पालथा उभा करा आणि दोन दिवस चालू करू नका. गरम हवा मारू नका. टचपॅड किंवा तळ फुगून वर आला असेल तर ती बॅटरी फुगलेली असते, ती पेट घेऊ शकते. असे यंत्र चार्जिंगला लावू नका, तडक कारागिराला दाखवा. आणि ओटीपी व पासवर्ड, अर्ज भरून देणारा कितीही ओळखीचा असला तरी, त्याच्या हाती ठेवू नका. आकडे आपण स्वतः टाकावेत.

दुरुस्तीला देताना खर्च आधी विचारा, कागदावर लिहून घ्या, आणि जुना काढलेला भाग परत मागा. पावसाळ्यात लॅपटॉप भिंतीला लागून किंवा जमिनीवर ठेवू नका, फळीवर ठेवा. रोज थोडा वेळ चालवा. त्याच्या अंगच्या उबेने ओल कमी धरते.

शेवटी एक विनंती. अर्जाची शेवटची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर आठ दिवस आधीच्या चौकोनात लिहा. यंत्र बिघडले, वीज गेली, साइट अडली, तरी आठ दिवस हातात राहतील. आणि येत्या रविवारी मुलांनी आईला शेजारी बसवून वरच्या पाचही पायऱ्या एकदा करून दाखवाव्यात, कळा चांगल्या असल्या तरी. हे कात्रण कापून लॅपटॉपच्या पिशवीत ठेवा. आणखी काही अडले तर पोस्टकार्ड टाका, पुढच्या अंकात आम्ही त्याचा विचार करू.